शेवटच्या पाण्याची तालीम

आमच्या सासूबाईंनी स्वतःच्या मरणाची तालीम घेतली होती. एकदा नाही, अनेकदा. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग माझ्या तोंडाकडे बघून हसायचे थांबतात. थट्टा हा माझा प्रांत नव्हेच. आमच्या घरात ते खातं सासूबाईंकडे होतं, आणि चेहऱ्यावरची माशीही हलू न देता त्या ते सांभाळायच्या.

नारायण पेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच उरलो होतो. त्या ऐंशीच्या बऱ्याच पुढे, मी साठीला टेकलेली. माझी मुलगी नोकरीसाठी बंगळुरात. आणि माझा नवरा, म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, साथीच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो कसा गेला ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं नुसता वेडेपणा वाटेल.

आमच्या देवघरात देवांच्या मागे एक तांब्याचा गडू असायचा, लाल फडक्यात गुंडाळलेला. सासू-सासरे काशीला गेले होते तेव्हाचा. आत गंगेचं पाणी, आणि तोंडाला कथलाचा डाग देऊन कायमचा बंद केलेला. तो उघडायचा एकदाच. घरातलं माणूस अखेरचं निजलं की त्यातलं चमचाभर पाणी तुळशीच्या पानाबरोबर त्याच्या तोंडात घालायचं, म्हणजे माणूस तहानलेला जात नाही. सासऱ्यांच्या वेळी तो उघडायची वेळच आली नाही. ते सकाळी बागेत फिरायला गेले आणि तिथल्याच बाकावर बसल्या बसल्या गेले. सासूबाई म्हणायच्या, ‘त्यांनी कधी कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही. आता गडू माझा.’

ह्यांना ॲम्ब्युलन्समध्ये बसवलं तेव्हा हे आपल्या पायांनी जिना उतरले होते. नंतर फोनवर डॉक्टरांचा आवाज बदलत गेला. एका दुपारी त्यांनी सांगितलं, ‘घरच्यांनी मनाची तयारी ठेवा.’ मी फोन ठेवला. सासूबाई काही न विचारता उठल्या, देवघरातून गडू काढला, कापडी पिशवीत घातला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, ‘माझं राहू दे. त्याला दे जा.’

रिक्षात मांडीवर पिशवी धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला गडूतलं पाणी डुचमळायचं. हॉस्पिटलच्या गेटवर सांगितलं, बाहेरचं काही आत जाणार नाही, आणि माणूस तर नाहीच. मी भांडले. हात जोडले. शेवटी आतल्या एका नर्सने आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून दिला. ह्यांच्या तोंडावर मास्क होता. तिने तो क्षणभर बाजूला केला, तर ओठ पार फुटलेले, पांढरे पडलेले. हे काहीतरी म्हणाले. आवाज आला नाही, पण इतकी वर्षं एका घरात काढल्यावर ओठांवरून कळतं. पाणी म्हणत होते. नर्स हळू आवाजात म्हणाली, ‘काकू, तोंडाने काही देता येत नाही हो आता.’ तिचं चुकलं नाही. गेटवरच्या माणसाचंही नाही. कुणाचंच चुकलं नाही, हेच तर जास्त छळतं. मी रस्त्याच्या एका बाजूला पाणी मांडीवर घेऊन उभी, आणि भिंतीपलीकडे माझा माणूस पाणी पाणी करत गेला.

पुढचं सगळं महापालिकेच्या माणसांनी केलं. आम्हाला दर्शनसुद्धा नाही. त्या दुपारी मी घरी आले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. वजनावरूनच त्यांना कळलं असणार. एवढंच म्हणाल्या, ‘हातपाय धू.’

तेव्हापासून आमच्या घरात तहान राहायला आली. सकाळी नळाला पाणी येण्याआधी पाइपात जो घरघर आवाज होतो, त्यात मला तो शब्द ऐकू यायचा. दुपारी जरा डोळा लागला की शेजारी कुणाचीतरी कोरडी जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा आवाज यायचा. दचकून बघावं तर ह्यांची उशी आणि तिच्यावरचा अभ्रा, बस. मी पाणी प्यायचे ते भिंतीकडे तोंड करून, चोरून खाल्ल्यासारखं. कुणी सांगितलं असतं की ते तुमच्या मागेच उभे आहेत, तर मी मान वळवून बघितलंही नसतं. मला ते माहीतच होतं.

आणि सासूबाई? त्यांच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही. उलट महिनाभरातच त्यांनी स्वतःच्या मरणाची जुळवाजुळव सुरू केली.

तरुणपणी त्या महिला मंडळाच्या नाटकांत प्रॉम्प्टर होत्या. विंगेत उभं राहून विसरभोळ्या बायकांना वाक्यं पुरवायच्या. तालमीशिवाय पडदा वर गेला की फजिती ठरलेली, हे त्यांचं तत्त्व. ‘जन्माला आले तेव्हा मला कुणी विचारलं नाही,’ म्हणायच्या, ‘जाताना तरी माझ्या मनासारखं होऊ दे.’ हॉस्पिटल नको. नळ्या नकोत. जायचं ते घरात, हॉलमध्ये जमिनीवर. नेसायला ती तपकिरी इरकल. ‘नवं लुगडं आणू नका, जळण्यासाठी कोण खरेदी करतं.’ आमची लिफ्ट माचिसच्या पेटीएवढी, आडवा माणूस मावायचा नाही. तेव्हा त्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून विचारलं, ‘अहो, मला खुर्चीत बसवून खाली नेलं तर तुमच्या नियमात बसेल का?’ तो गृहस्थ घाबरून ‘आजी, शंभर वर्षं जगा’ म्हणाला. ह्या म्हणाल्या, ‘मी लिफ्टचं विचारतेय. आयुष्याचं तुमच्या हातात नाही.’

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो. ते येणार खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून, हे धरून त्यांना आधीच बजावून झालं, ‘पिठल्यात लसूण घालू नका हं.’ मी ओशाळून म्हटलं, ‘अहो आई, तुम्ही थोडंच खाणार आहात?’ तर म्हणाल्या, ‘मी नाही खाणार, पण माझ्या घरात येणार ना ते.’

सगळं जग हसायचं. मी धुमसत होते. पोटचा मुलगा तहानलेला गेला, त्याचं नाव काढत नाहीत, आणि बाईंचं आपलं इरकल आणि लिफ्ट आणि लसूण. गडूसुद्धा पुन्हा देवघरात जाऊन बसला होता. एकदा तो पुसायला घेतला तर त्यांनी हातातून काढून घेतला. ‘तो माझा आहे. शेवटी तू तुझ्या हाताने त्यातलं पाणी मला द्यायचंस. तोवर हात लावायचा नाही.’  त्या दिवशी मी भांडी जरा आपटूनच घासली. म्हातारपणी माणूस आपमतलबी होतं म्हणतात, त्याचा पुरावा घरातच बघतेय असं मला वाटायचं.

पहिली तालीम झाली ती ह्यांच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी. गुरुजी जेवून गेले होते. मुलगी पहाटे येऊन दुपारच्या विमानाने परतली होती. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी भांडी आवरून हॉलमध्ये आले, तर सासूबाई जमिनीवर सतरंजी टाकून आडव्या झालेल्या, डोकं दक्षिणेला. मला वाटलं चक्कर आली. धावले, तर डोळे उघडून म्हणाल्या, ‘ओरडू नकोस. तालीम आहे.’

‘आजच्या दिवशी?’ मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार.

‘आजच. तुला नीट जमतंय का बघू दे.’ मग म्हणाल्या, ‘थंडी वाजतेय गं. त्याचा तो निळा चौकड्यांचा शर्ट दे बघू अंगावर टाकायला.’

एप्रिलच्या उन्हात पुण्यात थंडी. मी कपाळाला हात लावायचंच बाकी होतं. पण वय झालंय, वाजत असेल, म्हणून शर्ट आणून पांघरला. तो मी धुतला नव्हता. त्यांनी तो हनुवटीपर्यंत ओढून घेतला. डोक्याशी चांदीची वाटी तयार ठेवलेली, पाणी भरून, वर तुळशीचं पान, शेजारी चमचा. सगळं आधीच मांडून ठेवलं होतं बाईंनी.

‘बस इथे,’ म्हणाल्या. मग त्यांनी डोळे मिटले, तोंड जरासं उघडलं, आणि हलक्या, फुटक्या आवाजात म्हणाल्या, ‘पाणी.’

मला ती दुपार आजही सहन होत नाही. ह्यांची हनुवटी त्यांच्या आईची. ओठांची ठेवण आईची. वर तो शर्ट, त्याला ह्यांचा वास. माझ्यासमोर हेच पडले होते आणि पाणी मागत होते.  उठून पळावं असं वाटलं, शेजाऱ्यांना हाक मारावी असं वाटलं. पण हात आपोआप वाटीकडे गेला. पहिला चमचा थरथरत गेला, अर्धा गळ्यावर सांडला. त्यांनी गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं. दुसरा. तिसरा. किती तहान ती. त्या थांबेचनात आणि मीही थांबले नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायलाही मला हात नव्हता. अख्खी वाटी संपली तेव्हा त्यांनी तोंड मिटलं.

बराच वेळ त्या तशाच पडून राहिल्या. मग डोळे न उघडता म्हणाल्या, ‘जमलं तुला.’ मी वाटी उचलून आत गेले आणि मोरीत बसून रडले. रडताना त्यांच्या नावाने बोटं मोडली, हेही खरं. असला खेळ कुणी करतं का माणसाशी, असंच वाटत होतं.

नंतरच्या तालमी वेगळ्या. महिन्या-दोन महिन्यांनी लहर आली की आडव्या व्हायच्या. स्टीलची वाटी, मी नळाचं पाणी आणायचं, एक चमचा, की झालं. शर्ट नाही, तुळस नाही. मधेच डोळा उघडून सूचना. ‘चमचा दातावर आपटतोय.’ ‘मान उचलायची नाही माझी, मेलेल्या माणसाचा मानेवर ताबा नसतो.’ एकदा तर दुधवाल्याने बेल वाजवली तेव्हा पडल्या पडल्या म्हणाल्या, ‘त्याला सांग, उद्यापासून अर्धा लिटर कमी.’ मी चिडले की त्या खूश. पण त्यांनी तोंड उघडलं की मला त्या दिसायच्या नाहीत. दर वेळी ह्यांचेच ओठ. तालमीनंतर दोन दिवस मला पाणी घशाखाली उतरायचं नाही. त्यांना हे कळत होतं की नाही, देव जाणे.

यंदा हिवाळ्यात त्यांनी खरंच अंथरूण धरलं. खाणं तुटलं. गल्लीतले डॉक्टर येऊन गेले आणि दाराबाहेर मला म्हणाले, ‘हॉस्पिटलला न्यायचं म्हणत असाल तर चिठ्ठी देतो. पण त्यांनी मला कधीच दम दिलाय.’ मी म्हटलं, घरीच राहू देत. मुलीला फोन केला. तिला दुसऱ्या दिवशीचं विमान मिळालं.

तो गुरुवार होता. आमच्याकडे दुरुस्तीसाठी म्हणून गुरुवारी नळ बंद. बुधवारी भरलेली एक बादली तेवढी होती. सकाळीच त्यांनी मला खुणेने सांगितलं, आणि वरच्या मजल्यावरच्या दोघांना बोलावून मी त्यांना हॉलमध्ये सतरंजीवर घेतलं. डोकं दक्षिणेला. माणसं गेली. दुपार झाली तसा त्यांचा श्वास बदलला. नाटक नव्हतं हे. तालमीत इतक्यांदा बघितलेलं तोंड, पण नाक वेगळं दिसत होतं, बारीक झालेलं. मी देवघराकडे गेले, हात लावायचा नाही असं बजावलेला तो गडू लाल फडक्यासकट उचलला, आणि जागच्या जागी थांबले. गडू हलका होता. हलवून बघितला. आत काही डुचमळलं नाही.

फडकं सोडलं. तोंडावर कथलाचा डाग नव्हताच. गळक्या नळाला लावतात ती राखाडी लांबी थापलेली होती, बोटांच्या ठशांसकट. आमच्या घरातल्या नळांचे वॉशर त्याच बदलायच्या, ती लांबी त्यांच्याच डब्यातली. नखाने खरवडली तशी तुकडा निघाला. आत कोरडं ठणठणीत. बुडाशी जरासा हिरवा डाग.

 एक गोष्ट, एकच गोष्ट बाईंनी माझ्याकडून मागितली होती, आणि तीही आता जमणार नाही. हे तहानलेले गेले, आता ह्याही जाणार, आणि दोन्ही वेळा पाणी द्यायचं माझ्याकडे. मी रिकामा गडू घेऊन हॉलमध्ये आले. लपवायचंही सुचलं नाही. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

‘रिकामा आहे ना,’ म्हणाल्या. आवाज अगदी खोल गेला होता.

‘आई, पाणी कुठे गेलं?’

‘त्याला दिलं.’ मधे श्वास घ्यायला थांबल्या. ‘तूच दिलंस. वर्षश्राद्धाला. मी नुसतं तोंड उघडलं होतं.’

मी खाली बसले. निळा शर्ट, चांदीची वाटी, तुळशीचं पान. एप्रिलमध्ये वाजणारी थंडी. ती तालीम त्यांची नव्हतीच. दुपारभर माझ्या डोळ्यांसमोर आई आपल्या मुलाच्या जागी निजली होती आणि स्वतःसाठी इतकी वर्षं राखलेलं पाणी त्याच्या नावाने पीत होती, आणि मी मोरीत बसून तिच्या नावाने बोटं मोडत होते. तोंडाने सांगितलं असतं तर माझा हात उचललाच गेला नसता, हे त्यांना माहीत होतं. प्रॉम्प्टर होत्या. समोरच्याला कळू न देता वाक्य पुरवायचं, हेच काम त्यांनी केलं.

‘मग पुढच्या तालमी कशाला घेतल्या?’ मी विचारलं. रडत होते की ओरडत होते, आठवत नाही.

‘तुझा हात थरथरायचा गं.’ आणि मग, त्या अवस्थेतही, जुन्या सुरात, ‘मला नळाचं चालेल. खडकवासल्याच्या पाण्याने काय पाप केलंय.’

नळाला थेंब नव्हता. बादलीतलं पाणी कालचं होतं. जन्मभर ह्या बाईने रोज सकाळी शिळं पाणी झाडांना घालून ताजं भरलं, आणि मी त्यांना शेवटचं पाणी दिलं ते शिळं. वाटीत तुळशीचं पान घातलं. चमचा दातावर आपटला नाही. मान उचलली नाही. हात थरथरला नाही. त्यांनी एक चमचा गिळला. दुसरा ओठांच्या कडेने बाहेर आला.

बाकी सगळं ठरल्याप्रमाणे झालं. इरकल, खुर्ची, लिफ्ट. सेक्रेटरी स्वतः खुर्ची धरायला आले होते आणि रडत होते. मुलगी पोचली तेव्हा आम्ही वैकुंठ स्मशानातून परत आलो होतो. पिठलं-भात आला. पिठल्यात लसूण होता.

नळातला आवाज त्या दिवसानंतर थांबेल असं मला वाटलं होतं. ह्यांना पाणी मिळालं होतं, माझ्याच हातून मिळालं होतं, हे आता मला कळलं होतं. आणि खरंच, ह्यांचा आवाज गेला. शेजारच्या उशीवर जीभ वाजत नाही आता. पण दुपारी हॉलमधून जाताना सतरंजीच्या जागी पाय अडखळतो. तिथे कुणीतरी तोंड जरासं उघडून निजलंय, आणि ते दुसरा चमचा मागतंय. बाई जाता जाता मला फुकट सोडतील अशी आशाच चुकीची होती.

दिवस झाले. मुलगी परत जायला निघाली. सुटकेस दाराशी होती. तिला एकाच गोष्टीचं लागलं होतं, की आजीला शेवटचं भेटता आलं नाही. बाबांच्या वेळीही नाही आणि आजीच्याही नाही. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण जेवता जेवता ताटातलं नुसतं चिवडत होती.

मी आत गेले. आदल्या दिवशी घडी करून ठेवलेली आजीची शाल काढली. नळ सोडला, पहिलं पाणी वाहून जाऊ दिलं, ताजं पाणी चांदीच्या वाटीत घेतलं. खिडकीतल्या कुंडीतून तुळशीचं पान तोडलं. हॉलमध्ये सतरंजी टाकली आणि डोकं दक्षिणेला करून आडवी झाले. शाल हनुवटीपर्यंत ओढली.

‘आई, हे काय?’ ती म्हणाली. ‘प्लीज. तू पण सुरू करू नकोस आता.’

‘ओरडू नकोस. तालीम आहे,’ मी म्हटलं. ‘बस इथे. रिक्षा थांबेल.’

ती बसली. चमचा उचलल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले, तोंड जरासं उघडलं, आणि पाणी म्हटलं. आवाज माझा नव्हता. तिलाही तो ओळखू आला असावा, कारण वाटीशी वाजणारा चमचा थांबला.

पहिला चमचा थरथरत आला, अर्धा गळ्यावर सांडला. मी गिळलं आणि पुन्हा तोंड उघडलं.